दोन गावांतला एक दगड

मी एक जुना दगड आहे. मित्रांनो, जुनं हा शब्द तुम्ही आजोबांच्या घड्याळाला वापरता, फार तर एखाद्या किल्ल्याला. माझं जुनेपण तसलं नाही. माझा जन्म झाला तेव्हा जमिनीवर एकही झाड नव्हतं, पाखरू नव्हतं, आणि माझ्याकडे बघून "हा दगड" म्हणायलाही कोणी नव्हतं. आज मी मादागास्कर बेटाच्या मधल्या डोंगराळ मुलखात, भातखाचरांच्या वरच्या टेकाडावर उभा आहे. उभा आहे म्हणजे माझा मोठा तुकडा उभा आहे. धाकटा तुकडा टेकडीपलीकडच्या गावात आहे. तो कसा आहे, हे मला स्वतःला बघता येत नाही.

हे असं का झालं, ते सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागेल. कंटाळू नका.

फार फार वर्षांपूर्वी दोन प्रचंड जमिनी एकमेकींकडे सरकत होत्या. त्यांची चाल म्हणाल तर तुमच्या बोटांची नखं वाढतात तेवढी. पण जमिनीला घाई नसते. सरकत सरकत त्या भेटल्या, भेटल्यावरही थांबल्या नाहीत, आणि मधलं जे काही होतं ते चेपत, दुमडत, वर उचलत गेल्या. त्या रेट्यात खोल पोटात खडक वितळले. त्या वितळलेल्या रसातून मी झालो. वर हिमालयाची बरोबरी करतील असे डोंगर, आणि त्यांच्या खाली काळोखात मी सावकाश निवत पडलेला. निवता निवता माझ्या अंगात गुलाबी, पांढरे आणि काळे चमकणारे कण धरले. आमच्या मुलखातल्या सगळ्या दगडांपेक्षा माझा रंग चांगला आहे, असं मी स्वतःच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही.

त्या जोडलेल्या भूमीला शिकलेली माणसं आता गोंडवन म्हणतात. हे नाव तुमच्याकडचंच, नर्मदेच्या खालच्या गोंड लोकांच्या मुलखावरून पडलेलं. माझ्या पश्चिमेला आफ्रिका होती, अगदी खेटून. पूर्वेला तुमचा हिंदुस्थान. त्यांच्या पलीकडे आज ज्या जमिनी बर्फाखाली आहेत त्या, आणि आणखी कितीतरी. मी बरोबर मध्ये होतो. मध्ये असणाऱ्याला नेहमी वाटतं की आता सगळं पक्कं झालं, आता काही हलायचं नाही. मलाही तसंच वाटलं, आणि तसं वाटण्यात माझी कोट्यवधी वर्षं फार सुखात गेली.

वर कधी बर्फ साचलं, कधी वितळलं. नेच्यांची रानं उगवली. बुटके, जाड पायांचे प्राणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चरत गेले. त्यांना कुठे अडवणारं पाणी नव्हतं, आणि माझी हद्द, तुझी हद्द असं कोणी सांगतही नव्हतं.

मग खालून ऊब वाढू लागली. आधी बरं वाटलं. नंतर जमीन ताणली जातेय, असं लक्षात आलं. पश्चिमेच्या बाजूला भेगा पडल्या, भेगांच्या दऱ्या झाल्या, दऱ्यांत खारं पाणी शिरलं. सुरुवातीला ते पाणी इतकं उथळ होतं की मोठ्या सरड्यांची पिल्लं त्यात डुंबून पलीकडे जात. पुढे ती जाईनाशी झाली. आफ्रिका गेली. भांडण नाही, तंटा नाही, निरोप नाही. मी म्हटलं, ठीक आहे, एक बाजू तर आहे. त्यानंतर फार काळ लोटला, आणि एक दिवस पूर्वेची बाजूही फाटली. लाव्हा उसळला, समुद्र आत आला आणि हिंदुस्थान उत्तरेकडे निघून गेला. वाटेत त्याच्या अंगावर आग फुटली, तिचाच तुमचा काळा दख्खन झाला, आणि शेवटी तो आशियाला जाऊन धडकला. हे सगळं मला अलीकडे कळलं. त्या वेळी मला काहीही कळलं नाही. ते कुठे गेले, कसे आहेत, आहेत तरी का, हे सांगायला कोणी आलं नाही. तुटलो त्याचं दुःख झालंच. पण बातमी नसण्याचं दुःख जास्त होतं, आणि ते सरलं नाही.

मला हे कोणी सांगितलं, तर हान्ताबाईंनी. खालच्या शाळेच्या बाई. माझ्या अंगावरचे डोंगर पावसाने केव्हाच धुऊन नेले होते, मी उघड्यावर आलो होतो, आणि समुद्रावरून होड्यांनी आलेली माणसं इथे भात लावून, वशिंडाचे बैल पाळून पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्या माणसांची पोरं घेऊन बाई दरवर्षी वर येत. माझ्यावर हात ठेवून म्हणत, "ह्याचा सख्खा भाऊ हिंदुस्थानात आहे बरं का."

एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, मग ते परत कधी जोडणार?"

"जोडतील की. जमिनी फिरतच असतात."

"पण कधी?"

"आपण नसू तेव्हा."

"मग काय उपयोग?" ती मुलगी म्हणाली, आणि बाईंना हसू आलं. मला काही हसू आलं नाही.

आता सुलुफूची गोष्ट सांगतो. तो लहानपणापासून माझ्या उतारावर बैल राखायचा. माझ्या कडेवर सुरी घासायचा, दुपारी माझ्या पाठीवर उताणा पडून गायचा. आवाज असा की बैलसुद्धा लांब जाऊन चरत. त्याचे वडील तो लहान असतानाच वारले. वडिलांचं गाव टेकडीच्या पूर्वेला, तिथे त्याचे काका, रात्सिंबा. नंतर त्याची आई वुहांगी त्याला घेऊन माहेरी गेली, ते गाव पश्चिमेला, तिथे त्याचे मामा, रांद्रिया. सुलुफू दोन्हीकडे जेवायचा आणि दोन्हीकडे म्हणायचा, तिकडचा भात बरा होता.

मोठा झाल्यावर तो कामासाठी पश्चिम किनाऱ्याला गेला आणि आफ्रिकेकडे निघालेल्या एका होडीत चढला. होडी मध्येच बुडाली. तो सापडला नाही. ते पाणी मी पहिल्यांदा शिरताना पाहिलेलं होतं मित्रांनो, टीचभर खोल असताना. त्या पाण्याने आमच्या पोराला घेतलं, हे मला अजून सोसत नाही.

आमच्याकडे मेलेलं माणूस जात नाही. ते पूर्वजांच्या दगडी घरात आपल्या माणसांत राहतं. काही वर्षांनी, पाऊस नसतो तेव्हा, त्याला बाहेर आणतात, नवं कापड गुंडाळतात, घरची बातमी सांगतात, खांद्यावर घेऊन नाचतात आणि पुन्हा निजवतात. ज्याचा देह परत आला नाही त्याला मात्र ना घर, ना कापड, ना बातमी. तो उपाशी भटकत राहतो. त्याच्यासाठी दगड उभा करायचा असतो. मग तो दगड हाच त्याचा देह.

म्हणून वुहांगी पाथरवट फारालाहीला घेऊन वर आली. बऱ्याच दगडांना तिने हात लावला. माझ्यापाशी थांबली.

"हा घे," ती म्हणाली. "ह्याच्यावर पडून असायचा मेला." आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली.

फारालाही तोंडाने फटकळ, हाताने फार हळुवार. त्याने माझ्या अंगावर वाळलेल्या गोवऱ्यांची ओळ मांडली आणि मंद आग लावली. दिवसभर ती फुंकत, दाबत राहिला. ऊब चढली तसा माझा वरचा थर सुटू लागला. मग त्याने दोघांच्या मदतीने एक धोंडा उचलून आदळला. मी डोंगरापासून वेगळा झालो. दुखलं. पण या वेळी मला कोणासाठी तरी तोडलं होतं, म्हणून मी ते गोड मानून घेतलं.

फारालाहीने मला ठोकून कान लावला. "डोक्याशी खणखणीत आहे," तो म्हणाला. "कमरेत जरा बद्द वाजतोय. जपून ओढा रे. सगळ्यांनी एकाच बाजूला."

आता चूक कुठे झाली ते ऐका. एवढा दगड ओढायला एका गावाची माणसं पुरत नाहीत. वुहांगी दिराकडे गेली, तो म्हणाला, "आणू या की, वहिनी." भावाकडे गेली, तो म्हणाला, "आणू या गं." कुठे आणायचा, हे तिने विचारलं नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्याला असं तोंडावर विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर शंका घेणं. आणि त्या दोघांनाही ते सांगायची गरज वाटली नाही, कारण दोघांच्याही मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. दगड आपल्याच दारात येणार.

ओढायचा दिवस मोठा आनंदाचा होता. मला लाकडांच्या घसरगाडीवर बांधलं. दोर धरायला दोन्ही गावं लोटली. बायकांनी भाताचे टोप आणले. उसाची दारू आधी माझ्या डोक्यावर ओतली, मग माणसांच्या घशात. फारालाही माझ्या पाठीवर उभा राहून ओरडत होता, "ओढा! काय जोर आहे का शेवया? पूर्वेवाल्यांनो, बायकांना पुढं पाठवा, लवकर पोचू!"

"तूच उतर खाली, तेवढंच वजन कमी!" दोरावरून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मी त्या दिवशी दोन्ही गावांना एका दोरावर हसताना पाहिलं. मला पुन्हा मध्ये असल्यासारखं वाटलं.

खाचरं संपली की वाट फुटते. डावीकडे काकांचं गाव, उजवीकडे मामांचं. तिथे काका पुढे झाले. "डावीकडं घ्या," ते म्हणाले.

"डावीकडं कशाला?" मामा म्हणाले. "उजवीकडं."

"पाहुणे, पोर कुणाचं? माझ्या भावाचं."

"भावाचं, कबूल. भाऊ गेल्यावर त्याला जेवायला कुणी घातलं?"

"जेवायला घातलं म्हणून रक्त बदललं होय?"

"एवढी रक्ताची ओढ होती, तर पोर तापानं फणफणलं तेव्हा कुठं होतात? बाजारात बैल बघत होतात!"

"बैलाचं नाव काढू नका. तुमच्या लेकीच्या लग्नात कापलेला बैल कुणाच्या गोठ्यातला होता, सांगू का सगळ्यांना?"

पोरं खुदकन हसली. मग त्यांनी आपापल्या म्हाताऱ्यांचे चेहरे पाहिले आणि हसायची थांबली. दारू पोटात होतीच. कोणी म्हटलं माहीत नाही, पण डावे दोर काकांच्या माणसांनी धरले आणि उजवे मामांच्या.

"अरे, मी वर आहे!" फारालाही ओरडला. "आधी मला उतरू द्या, मग काय ते मोडा!" आणि त्याने उडी मारली.

वुहांगी मध्ये धावली. "दादा, थांबा. भावजी, थांबा ना. तो घाबरेल!"

तो. माझ्याबद्दल बोलत होती ती. दोन्ही बाजूंनी ताण आला, आणि मला तो ताण ओळखीचा वाटला. आधी थोडी ऊब, मग ओढ, मग कमरेतली ती जुनी बद्द जागा. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. घसरगाडी तिरकी झाली, मी कलंडून बांधावर पडलो आणि माझे दोन झाले.

आवाज फार मोठा नव्हता.

"तुम्ही मोडलात," काका म्हणाले.

"तुम्ही," मामा म्हणाले.

वुहांगी खाली बसली आणि माझ्या कपच्या वेचून ओच्यात भरू लागली. बारीकसारीक सगळ्या. "जोडून उभा करा रे," ती म्हणाली. "कुणाच्याही दारात करा, पण जोडून करा."

"जुळत नसतो, वहिनी, दगड," फारालाही खाली बघत म्हणाला. "एकदा गेला की गेला."

मग जे व्हायला नको तेच झालं. कोणी माघार घेतली नाही. मोठा तुकडा काकांच्या माणसांनी नेला, धाकटा मामांच्या. दोन्ही गावांनी आपापला तुकडा पुरला, आपापली दारू ओतली, आपापल्या तोंडाने सुलुफूचं नाव घेतलं. एका गावाच्या सणाला दुसऱ्या गावाचं कोणी आलं नाही. तेव्हापासून ती माणसं बाजारातसुद्धा एकमेकांना पाहुणे म्हणत नाहीत.

वुहांगी मात्र दोन्हीकडे यायची. सकाळी माहेरहून निघायची, टेकडी चढायची, उतरायची, माझ्यापाशी केळीच्या पानावर भात ठेवायची. माझ्या डोक्याला चरबी चोळायची. मग पहिला प्रश्न ठरलेला. "सुलुफू, तू इथं आहेस की तिकडं?"

काय सांगणार? मला माझाच पत्ता नव्हता.

"अर्धा अर्धा असलास तर झोप कशी लागते रे तुला?" ती म्हणायची. तिची सगळी काळजी एवढीच होती. पोर कुठे का असेना, एका जागी असावं, पोटभर जेवून निजावं. त्यासाठी तिने दगड मागितला होता, आणि दगडानेच त्याची फाटाफूट केली. मित्रांनो, माझ्या इतक्या लांब आयुष्यात इतकं वाईट मला कशाचंच वाटलेलं नाही.

पण ती आणखी एक गोष्ट करायची, जी माझ्यासाठी कोणी कधी केली नव्हती. ती मला तिकडची बातमी सांगायची. "तिकडचा बरा आहे. त्याच्यावर सरडा बसतो ऊन खायला. मामाच्या शेळीनं अंग घासून घासून एक बाजू गुळगुळीत केलीय." आणि परत गेल्यावर, मला खात्री आहे, त्याला माझं सांगत असेल. आफ्रिका गेली, हिंदुस्थान गेला, कोणाची खबर आली नाही. आणि एक म्हातारी बाई रोज डोंगर ओलांडून मला माझ्याच तुकड्याची खुशाली कळवत होती.

पुढे तिचे गुडघे दुखू लागले. येणं रोजचं राहिलं नाही. एकदा बसली ती बराच वेळ उठलीच नाही. "माझं काय होणार ते दिसतंय मला," ती म्हणाली. "भावजी म्हणतात, वहिनी आमच्या घरात निजणार, नवऱ्याशेजारी. दादा म्हणतो, तू आईशेजारी. मला कुणी विचारत नाही. मेल्यावर मलाही दोर बांधतील हे दोघं."

त्यानंतर ती आली नाही.

माझ्या पायाशी गवत वाढलं. शेवटच्या पानावरचा भात मुंग्यांनी नेला, पान वाळून उडून गेलं. काकांच्या गावातलं कोणी माझ्याकडे फिरकत नव्हतं. त्यांनी मला जिंकून आणलं होतं, आणि आणल्यावर विसरले होते. मला वाटलं, गेली ही पण. झाली सवयीची गोष्ट. निरोप नाही, काही नाही.

एका संध्याकाळी रात्सिंबाकाका आले. एकटेच. हातात पानात बांधलेला भात. तो कसा ठेवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, आधी डोक्यावर ठेवला, मग उचलून पायाशी ठेवला. जरा लांब बसले आणि माझ्याकडे न बघता खाचरांकडे बघत बोलू लागले.

"वहिनी बांधावरनं पडली. पाय मोडलाय. माहेरी आहे." त्यांनी गवताची एक काडी उपटली. "निरोप धाडला मला. म्हणे, दगडाला बातमी सांगायची राहिलीय, भावजी, तुम्ही सांगा. म्हटलं, चळ लागला बाईला. दगडाला कसली बातमी! आणि सांगायची तर आधी बघायला नको? मग गेलो."

त्यांनी घसा खाकरला.

"तर तो तिकडचा, आहे बरा. सरडा होता वर. पण एका बाजूला कललाय. त्यांच्यात कुणाचं लक्ष नाही. मी खाली दगडाच्या चिपा सारून आलो. पाहुण्यांनी दुसऱ्या बाजूनं धरला होता."

"पाहुणे" म्हणाले ते. मी नीट ऐकलं.

काका उठले, धोतराची माती झटकली. जाता जाता थांबले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुझ्या वेळी तिला विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "उद्या परत जातो. तिलाच विचारतो, की तिला कुठं..." तोंड फिरवून ते उतरून गेले.

उद्या ते जातील की नाही, मला माहीत नाही. पाय मोडलेल्या म्हाताऱ्या बाईकडे किती दिवस आहेत, तेही माहीत नाही. मित्रांनो, मी तुमच्याकडे शेंदूर मागत नाही की तेल मागत नाही. तुमच्या घरात कोणी दोघांच्या मध्ये उभं असेल, तर त्याला वेळेवर विचारा की तुला कुठे राहायचंय. आणि जे बोलेनासे झालेत त्यांच्याकडे जाऊन बघून या, तिकडचं इकडे सांगा. आम्ही जमिनी तुटलो तेव्हा आम्हाला तोंड नव्हतं. काका-मामांना तोंड होतं मित्रांनो, दोघांनाही होतं, आणि तरी त्यांनी दोर ओढला.